फ्लक्ससाठी स्थळं बघणारे भाऊजी

केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेल्या बाईने करू नये असा मूर्खपणा मी एकदा केला. माझ्या थोरल्या दिरांनी स्वतःच्या बायकोसाठी बनवलेल्या कानाच्या मशीनचा सर्किट-बोर्ड मी अॅसिटोनने धुतला. आता नातीपुढे मी मोठी शहाणी म्हणून मिरवते. पण ती नेलपॉलिश पुसायला बसली आणि तो वास सुटला, की मी खिडकी उघडायच्या निमित्ताने उठते आणि बराच वेळ बाहेर बघत राहते.

हा मूर्खपणा केवढा मोठा, ते कळायला आमचे भाऊजी माहीत हवेत. जगात दोनच प्रकारचे पातळ पदार्थ आहेत, फ्लक्स काढणारे आणि न काढणारे, असं मनापासून मानणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. पन्हं, काढा, गुलाबपाणी, सगळ्याची गणना त्यांच्या लेखी दुसऱ्या प्रकारात होऊन गेलेली होती. ऐंशीच्या दशकात चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा एक लहानसा गाळा होता. टीव्हीला लागणाऱ्या स्टॅबिलायझरचे बोर्ड तिथे आम्ही चार बायका सोल्डर करत असू. सोल्डरिंग झालं की बोर्डावर राळेचा पिवळा, चिकट थर उरतो, तोच हा फ्लक्स. स्टॅबिलायझरला त्याने काही फरक पडत नसे. भाऊजींना पडत असे. खाडीकडून दमट हवा आली की हा थर ओल धरतो आणि नाजूक सर्किटात खरखर सुरू होते, हे त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलं होतं की गाळ्यातला पंखासुद्धा ते म्हणून दाखवू शकला असता.

फ्लक्स काढायला सॉल्व्हंट, म्हणजे तो विरघळवणारं द्रव, निवडणं म्हणजे त्यांच्या मते स्थळ बघणं. कॉफीच्या रिकाम्या बाटल्यांतून नमुने ओळीने मांडलेले असत आणि प्रत्येकीचा स्वभाव त्यांना तोंडपाठ होता. “स्पिरिट गरीब मुलगी गं, पण कामात अर्धवट. मागे पांढरी पावडर ठेवते. पेट्रोल तेलकट, घरात शिरलं की वास निघत नाही. थिनर तडफदार, पण फ्लक्सबरोबर बोर्डावरची अक्षरंही घेऊन जातं. कार्बन टेट? देखणी आहे हो, पण सगळ्या घराचं लिव्हर खाईल.” आणि मग बोट वर करून त्यांचं शेवटचं वाक्य यायचं, “न्यायचं ते सगळं न्यावं, आणि घरातलं दुसरं काही नेऊ नये. एवढंच मागणं आहे माझं.” मी तेव्हा मनात हसायचे. डिग्रीवाली होते ना! ते मला ‘केमिस्टीणबाई’ म्हणत. मला तो गौरव वाटायचा, यावरून माझी अक्कल ओळखा.

मागे डाग राहतो का हे बघायला ते प्रत्येक सॉल्व्हंटचा थेंब आरशावर वाळवत, आणि आरसा असे वहिनींचा कुंकू लावायचा. वहिनी बिचाऱ्या रोज सकाळी देवी आल्यासारखा ठिपक्याठिपक्यांचा चेहरा बघून कुंकू लावत. घरातला एकही टूथब्रश दोन आठवड्यांपलीकडे दातांच्या सेवेत राहिला नाही. सगळे बोर्ड घासायला गेले. एकदा भाऊजींना ताप आला म्हणून डॉक्टरांकडे नेलं, तर कंपाउंडर दंडाला स्पिरिटचा बोळा लावतोय आणि हे त्या तापात विचारतायत, “वाळल्यावर पांढरं राहतं का हो?” लग्नात कुणा अनोळखी बाईची रंगवलेली नखं दिसली, की ती पुसायला काय वापरता, हे विचारायला निघत. मग आम्ही दोघी जावा त्यांना दोन्ही बाजूंनी धरून पंगतीला बसवत असू.

पण हा सगळा खटाटोप स्टॅबिलायझरसाठी नव्हता. वहिनींचं ऐकणं कमी होत चाललं होतं. डॉक्टर म्हणाले होते, नस सुकतेय, आहे तेवढं आहे तोवर वापरून घ्या. विकतचं मशीन आणलं तर वहिनींनी दोन दिवसांत काढून ठेवलं. “कानात सारखं कुणीतरी पोहे भाजतंय,” म्हणाल्या. भाऊजींनी ते उघडलं, भिंग लावून बघितलं, आत फ्लक्स. त्या दिवसापासून बिनखरखरीचं मशीन आपणच करायचं, हे त्यांच्या डोक्यात बसलं. तोवर नवरा-बायकोचा सगळा संसार ओरडून चाले, आणि आमच्या बोरिवलीच्या सोसायटीला तो मजलावार पाठ होता. भाऊजी ओरडत, “अगं, माझा बनियन कुठाय?” आणि वहिनींच्या आधी वरच्या मजल्यावरून उत्तर येई, “काका, दोरीवर वाळतोय!” आम्ही हसायचो. भाऊजीही हसायचे. एकदा मात्र गाळ्यात बोर्ड घासता घासता, मान वर न करता म्हणाले, “काही गोष्टी हळूच बोलायच्या असतात गं. त्या ओरडून कशा बोलायच्या?”

स्थळ शेवटी ठरलं. आधी बिनपाण्याच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासायचं, मग फ्रिऑनने विसळायचं. हे फ्रिऑन म्हणजे विलायतेची मुलगी, बड्या कारखान्यांतच नांदणारी. अंधेरीच्या एका मित्राकडून एक छोटी बाटली मिळाली होती, ती आमच्या फ्रिजमध्ये दुधाशेजारी मानाने राहत होती. मशीनचा बोर्ड सोल्डर होऊन तयार झाला. त्यातला इवलासा मायक्रोफोन परदेशात राहणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने आणून दिलेला होता. भाऊजी सेल आणायला लॅमिंग्टन रोडला गेले. जाताना म्हणाले, “हात लावू नकोस. आल्यावर मी धुतो.”

मी हात लावला. त्यांनी येऊन बघावं आणि म्हणावं, वा केमिस्टीणबाई! एवढीच हौस. विलायती बाटलीला हात लावायचा धीर झाला नाही, म्हणून शेल्फवरचं अॅसिटोन घेतलं. काय झरझर गेला हो तो फ्लक्स! बोर्ड आरशासारखा झाला. मी तो वाळत ठेवून चहा प्यायला बसले. परत बघते तर मायक्रोफोनचं प्लॅस्टिकचं तोंड वितळून बसलेलं, आणि शेजारचा काचेसारखा कॅपॅसिटर दुधाळ होऊन सुरकुतलेला.

भाऊजी आले. बोर्ड उचलून त्यांनी नाकाशी नेला.

“अॅसिटोन?”

“हो. भाऊजी, मला वाटलं...”

ते बराच वेळ बोर्ड उलटसुलट करत राहिले. मग म्हणाले, “फ्लक्स मात्र अगदी स्वच्छ गेलाय.” रागावले असते तर बरं झालं असतं.

नवा मायक्रोफोन घेऊन तो परदेशातला माणूस पुन्हा यायचा होता दिवाळीला. मधले सगळे महिने भाऊजी रोज संध्याकाळी वहिनींच्या मागे उभं राहून टाळी वाजवून बघत, आणि टाळी रोज थोडी मोठी होत गेली.

दिवाळीत मशीन झालं. आम्ही दोघी करंज्या भरत होतो. भाऊजींनी वहिनींच्या कानात मशीनची गोळी बसवली, डबी पदरात अडकवली, समोर पाटावर बसले आणि काहीतरी बोलले. इतकं हळू, की हातभर अंतरावर असून मला एक शब्द कळला नाही. वहिनी लाजल्या. “इश्श,” म्हणाल्या, “ही बसलीय ना इथे!” खरखर? वहिनींनी मान हलवली, अजिबात नाही. भाऊजींनी डोळे पुसले आणि दोष गॅसवरच्या तेलाला दिला.

त्यानंतर त्यांनी आवाज चढवला नाही. काका आजारी आहेत का, म्हणून वरच्या मजल्यावरून विचारणा झाली. कॉफीच्या बाटल्या एकेक करून रिकाम्या झाल्या. आरसा घासूनपुसून वहिनींना परत मिळाला. भाऊजी अजून दहाएक वर्षं जगले, आणि ती सगळी वर्षं वहिनींशी पुटपुटल्यासारखे बोलत राहिले.

मला मात्र त्या दिवाळीनंतर थोड्याच दिवसांनी कळलं. दुपारी वहिनी कोथिंबीर निवडत बसल्या होत्या, मशीन कानाला. माझ्या हातून त्यांच्या पाठीमागे पितळी परात पडली. शेजारणीने दार उघडून विचारलं, काय झालं. वहिनी काड्या खुडत राहिल्या.

मी पुढे जाऊन बसले. “वहिनी, काहीच येत नाही ऐकू? कधीपासून?” त्यांनी माझे ओठ वाचले आणि “दिवाळीच्या आधीपासूनच,” म्हणाल्या. माझ्यामुळे, माझ्या अॅसिटोनमुळे, असं काहीतरी म्हणत मी रडायला लागले. त्यांनी कोथिंबिरीच्या ओल्या हाताने माझी हनुवटी वर केली, आधी दाराकडे बघून घेतलं, आणि म्हणाल्या, “गप गं. त्यांना यातलं काही सांगू नकोस. ओरडून बोलायचे ना, तेव्हा सारखे रागावलेले दिसायचे. आता हळू बोलतात तर बघ, लग्न झालं तेव्हा दिसायचे तसे दिसायला लागलेत.”