आबांनी घरी बनवलेला टेललाइट

शाळेतून दमून आले, तर सासरे माझ्या कारमागे उभे. फौजेच्या वर्कशॉपात उमर गेलेल्या आबांनी आठवडाभर खपून एलईडीचा टेललाइट बनवलाय.

"पोरी, ब्रेक दाब. सोड. परत दाब." पाय भरून आला. "लय झ्याक! जा आता खुशाल."

तोवर गाडीचे दिवे बंदच होते. मग मी ते लावले, आबांना ब्रेकवर बसवलं आणि मागे गेले. ब्रेक दाबला तरी लाल उजेड वाढेना. अंधारात मागच्या गाडीला ब्रेक लागल्याचं कळणारच नव्हतं, आणि मला रोज घाट उतरायचा असतो.

एवढ्या कौतुकाने केलेलं काम. गप्प बसावंसं वाटलं. तरी बारीक आवाजात सांगितलं.

आबांनी लाइट उघडला. उजेड कमी-जास्त ठरवणारा तांदळाएवढा रेझिस्टर डोळ्यांजवळ धरला.

"ह्याच्यावरचे रंगीत पट्टे आता दिसत न्हाईत गं. साध्या दिव्याला नि ब्रेकला, दोन्हीकडं सारखाच बसला व्हय?"

मग रेझिस्टरची डबी माझ्याकडे सरकवली.

"तू रंग वाच. कथलाचा डाग मी देतो."

स्वयंपाक तसाच राहिलाय. आम्ही दोघं अजून ओसरीवर बसलोय.

घरातल्या मोठ्यांना चूक दाखवताना तुमचाही आवाज इतका बारीक होतो का?