साईमागचं शास्त्र

दह्यातलं कॅल्शियम पोटात थोडी चरबी धरून बाहेर नेतं, असं वाचलं आणि बायकोने तुपासाठी साठवलेली साय मी साखर घालून गुपचूप चापू लागलो. शेवटी सगळं दुधाचंच की!

पथ्य सुरू असूनही बरखेड्याच्या दवाखान्यात कोलेस्टेरॉल आणखी वाढलेलं निघालं. डॉक्टरांना मी हेच शास्त्र ऐकवलं. ते हसले, "साहब, वो बात दही की है. मलाई में तो चर्बी ही चर्बी, कैल्शियम नाम का."

बायको शेजारीच होती. माझं पथ्य म्हणून तीही माझ्यासोबत कोरडी पोळी खात होती. मला मान वर करवेना.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "अहो, मी शेजारच्या मांजरीला शिव्या घालत होते! आजपासून तूप माझ्या पोळीवर. कोरडी तुम्ही एकटे खा."