शाल नको, सही द्या

अन्याय झाला आमच्या आयटीआयच्या गटनिदेशक मॅडमवर. सोमवारी सकाळी, प्रार्थना संपून मुलं वर्कशॉपकडे वळत होती तेव्हा. शिपायाने कागद आणून दिला: यापुढे सामानाच्या मागणीवर फक्त प्राचार्यांची सही चालेल.

गटनिदेशक म्हणजे शिकवणारे निदेशक आणि प्राचार्य यांच्या मधला माणूस. वेळापत्रक त्याचं, भांडणं त्याने मिटवायची, मशीन बंद पडलं की बोलणीही त्यानेच खायची. अधिकार म्हणावा असा एकच होता, सामानाच्या मागणीवर सही करायचा. तोही काढला.

मी याच मॅडमच्या हाताखाली फिटर झालो. नामपूरहून आलो तेव्हा कानस धरता येत नव्हती. आता पत्रकं लिहितो, सभा घेतो. मॅडमना अंबडच्या कारखान्यातून नोकरीचं बोलावणं आलंय आणि त्या जायच्या विचारात आहेत हे कळलं, तसे आम्ही माजी विद्यार्थी पेटलो. आणि पेटलेली मराठी माणसं करतात तेच केलं: सत्कार ठरवला!

शाल-श्रीफळ आणलं, वर्कशॉपमध्ये खुर्च्या मांडल्या. आमच्याकडे शाल मिळते ती निवृत्तीलाच, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. शिकाऊ मुली रडायला लागल्या. स्टोअरकीपर काकांनी विचारलं, "मॅडम, पेन्शनचे कागद केले का हो?"

मॅडम आमच्याकडे वळल्या. "गाढवांनो, थांबवायला आलात की घालवायला?"

"थांबवायला, मॅडम."

"मग शाल कशाला? पोरं करवतीच्या पात्यासाठी खोळंबलीत. पातं त्या समोरच्या कपाटात आहे आणि मी ते देऊ शकत नाही. रोज कुठल्या तोंडाने यायचं इथे?"

प्राचार्य शेजारीच उभे होते, नारळ हातात. मी सरळ विचारलं, "सर, सही का काढली?"

"तपासणी येणार आहे. काही चुकलं तर मान माझी अडकते."

"मॅडमचं कधी चुकलंय?"

त्यांनी नारळ खुर्चीवर ठेवला. "नाही," ते म्हणाले.

गुरुवारी दुसरा कागद निघाला. सही परत मिळाली. मॅडमनी कारखान्याला नकार कळवला आणि पुढच्या तुकडीचं वेळापत्रक लावायला घेतलं. प्राचार्य वाईट नाहीत, घाबरलेले होते. घाबरलेल्या माणसाला समोरासमोर विचारलं की तो बदलतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

तुम्ही पालक असाल, एखाद्या संस्थेच्या समितीवर असाल, तर तुमच्या गावच्या आयटीआयमध्ये जा. गटनिदेशकांना विचारा, "तुमच्या सहीवर काय मिळतं?" उत्तर "काहीच नाही" असं आलं, तर प्राचार्यांसमोर बसा आणि लेखी आदेश हातात पडल्याशिवाय उठू नका.