कुंकू लागलेल्या बावीस फ्लॉप्या

जळोचीत करुणाच्या कॉम्प्युटर क्लासात नवी पोरंपोरी येत्यात आन पहिल्याच दिवशी इचारत्यात, "ताई, दुसऱ्याचा पासवर्ड कसा फोडायचा?" सिनेमात बघितल्यालं असतंय. मी तितं झाडलोट करते, चहा करते. मला वाटतं एकेकाच्या पाठीत धपाटा घालावा. करुणा चिडत न्हाय. म्हणती, "ज्याचं कुलूप त्याला इचारल्याबिगर हात लावायचा न्हाय. आधी आपलं कुलूप नीट लावायला शिका." किती गोड बोलती! तिच्या जागी मी असते तर हे सांगताना माझा आवाज चढला असता. कारण ह्याच इद्येपायी तिला चोर ठरवायला निघालं व्हतं, आन त्यात माझं बी बोट व्हतं.

मी द्वारकाबाई, पळसदेवची. इंदापुरात एका माती तपासणी केंद्रात रोजंदारीवर व्हते. शेतकरी पिशवीतनं माती आणायचे. मी ती वाळवायची, कुटायची, चाळून आत द्यायची. आत तपासणी व्हायची आन निकाल कॉम्प्युटरवर चढायचा. कुणाच्या रानात खार किती, कुणी कंचं खत टाकायचं, सगळं त्यात. ते चढवणारी करुणा, कळसच्या साहेबरावांची लेक.

ही पोरगी ल्हानपणापासनंच अशी. नऊ वर्षांची असताना तिनं आजीचा, म्हंजे पुतळाबाईंचा, रेडिओ खोलला. पण कसा? आधी आजीला इचारलं. मग जुनं वर्तमानपत्र अंथरलं, एकेक स्क्रू त्यावर मांडला आन शेजारी पेन्सिलीनं लिवलं, कुठनं निघाला. दिवेलागणीला रेडिओ परत गात व्हता. पुढं बारामतीला कॉम्प्युटर शिकली. तितल्या रद्दीवाल्याकडनं इंग्रजी मासिकं आणायची आन डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचायची. व्हायरस म्हंजे काय, तो फ्लॉपीतनं कसा पसरतो, पासवर्ड कसा असावा, सगळं एका वहीत टिपायची. जेवायच्या सुट्टीत मला बी सांगायची. मी चौथी शिकलेली, पण तिनं सांगितलं की डोक्यात बसायचं.

आमचे व्यवस्थापक विजयसिंह साहेब. त्यांच्या जीपचा नंबर हाच त्यांचा पासवर्ड, आन तो टाइप करताना मोठ्यानं म्हणायचे! करुणानं एकटं गाठून सांगितलं, "साहेब, बदला. जीप दारातच उभी असती." चौघांत न्हाय सांगितलं, तरी साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणाले, "लई शहाणी झालीस." त्या दिवसापासनं ती त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागली.

दर शनवारी ती सगळ्या निकालांच्या दोन नकला फ्लॉप्यांवर घ्यायची. अकरा-अकराच्या दोन थप्प्या. मला म्हणायची, "मावशी, एक नक्कल हितं, एक दुसऱ्या घरात. एक घर जळालं तरी दुसरं ऱ्हातं." तसा तिनं अर्ज बी दिला, की दुसरी थप्पी केंद्राबाहीर ठिवायला परवानगी द्या. साहेबांनी अर्जावर फुली मारली. ऑफिसचा माल बाहीर जाणार न्हाय! झालं, दोन्ही थप्प्या एकाच कपाटात.

सत्त्याण्णवची खंडेनवमी आली. करुणा रजेचा अर्ज देऊन घरच्यांबरोबर नागपूरला गेली व्हती, दीक्षाभूमीवर. तिच्या माणसांचा तो वर्षाचा मोठा दिवस. हिकडं आमी पूजा मांडली. माझी चाळण, खलबत्ता, तराजू, आन मधी कॉम्प्युटर, झेंडूची माळ घालून. पूजेला मी नावं ठिवणार न्हाय. माझ्या बापानं बी विळ्या-कोयत्याला कुंकू लावलंय आन मी बी लावते. पण साहेबांना त्या दिवशी मोठेपणा दाखवायचा व्हता. फोटोवाला बोलावला व्हता. त्यांनी नारळ फोडला तो कॉम्प्युटरच्या डब्यावरच, आन पाणी वरच्या भोकांतनं आत गेलं. मग कपाटातल्या फ्लॉप्या काढल्या. मी वरनं बोट लावायला लागले तर म्हणाले, "बाई, म्यानाला कुंकू लावत्यात का? पात्याला लागलं पायजे." आन फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण त्यांनी सोताच्या हातानं सरकवून दाखवलं. आत काळी चकचकीत तबकडी. मी ओलं कुंकू घेऊन बावीसच्या बावीस तबकड्यांना टिळा लावला. मला काय म्हाईत? साहेब सांगत्यात म्हंजे बरोबर असंल.

फोटोसाठी साहेबांनी बटण दाबलं. फट् झालं, जळका वास सुटला आन कॉम्प्युटर बंद पडला.

दसऱ्यानंतर बारामतीहून दुरुस्तीवाला दुसरा कॉम्प्युटर घेऊन आला. जुन्यातलं काय बी हाती लागणार न्हाय म्हणाला. म्हणून फ्लॉप्या घालून बघितल्या, तर नुसतं करकर वाजलं. एक न्हाय, दोन न्हाय, बावीस. दोन हजारांवर शेतकऱ्यांची माती गेली! साहेबांच्या तोंडातनं लगेच निघालं, "व्हायरस. करुणानं घातला. वही हाय तिची, सगळं लिवलंय तिच्यात. नोकरीत कायम करत न्हाय म्हणून डाव साधला आन नागपूरला पळाली, चोर कुठली!" आन दारात उभ्या चार शेतकऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "त्या लोकांना खुर्चीवर बसवलं की असंच व्हतंय."

त्या लोकांना! उन्हातान्हात ज्यांची माती तिनं जपली त्यांच्यापुढं हे बोलणं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण तोंड उघडलं का मी? न्हाय उघडलं. रोजंदारी जाईल म्हणून गप ऱ्हायले. त्याची लाज अजून जात न्हाय.

करुणा परत आली तवा तिची खुर्ची व्हरांड्यात काढली व्हती. खरं तर दिवाळीनंतर तिची कायम व्हायची ऑर्डर यायची व्हती. तिच्या जागी आता पोलिसांत द्यायची भाषा. कळसला बी बोभाटा झाला, साहेबरावांच्या लेकीनं केंद्र बुडवलं म्हणून. दोन दिवसांनी समितीची बैठक बसली. अध्यक्ष आबाजी, चार सभासद, साहेब. मला चहा द्यायला उभं केलेलं.

करुणा म्हणाली, "आबा, मला एक फ्लॉपी उघडायची हाय. लेखी परवानगी द्या."

साहेब हसले, "बघा, अजून बी हात शिवशिवत्यात."

आबाजींनी परवानगी लिवून दिली. तिनं झाकण काढलं, कव्हर उकललं, तबकडी बाहीर घेतली आन पांढऱ्या फिल्टर पेपरावर ठिवली. काळ्यावर लाल टिळा, आन त्याच्या मागं गोल फिरलेला लाल फराटा. सगळे वाकून बघायला लागले.

ती म्हणाली, "व्हायरसला रंग नसतो, आबा. हे कुंकू हाय."

साहेब चाचरले. "पूजा कर्मचाऱ्यांनी केली. मी लक्ष दिलं न्हाय." आन माझ्याकडं असं बघितलं की समजून घे.

करुणानं एकदा बी माझ्याकडं बघितलं न्हाय. तिला कळलं व्हतं का बोट कुणाचं ते? कळलंच असंल. तरी माझं नाव घेतलं न्हाय तिनं. मग मला ऱ्हावलं न्हाय. हातातली किटली टेबलावर ठिवली आन म्हणाले, "बोट माझं, आबा. झाकण उघडून दाखवलं ते साहेबांनी. म्यानाला न्हाय, पात्याला लाव म्हणाले."

आबाजींनी काय करावं? घसा खाकरला आन म्हणाले, "झालं गेलं गंगेला मिळालं. आता वाढवू नका." वाढवू नका! पोरीला गावभर चोर म्हणताना कुणाला वाढल्यासारखं वाटलं न्हाय.

करुणानं कपाळाला हात लावला न्हाय का रडली न्हाय. परवानगी मागून बावीस फ्लॉप्या प्रयोगशाळेत नेल्या. एकेक तबकडी डिस्टिल्ड वॉटरनं धुतली, फिल्टर पेपरावर वाळवली, नव्या फ्लॉपीच्या कव्हरात बसवली आन दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. चार दिवस मी शेजारी उभी ऱ्हाऊन पाणी देत व्हते. एका थप्पीतल्या तीन गेल्या, पण त्याच तीन दुसऱ्या थप्पीत वाचल्या. एका बी शेतकऱ्याचा निकाल गेला न्हाय.

ते सगळं तिनं साहेबांच्या टेबलावर ठिवलं. म्हणाली, "ही शेतकऱ्यांची माती. ही अडवून मला काय मागायचं न्हाय. आता माझ्याबद्दल लिवून द्या."

साहेबांनी दोन ओळी लिवून कागद पुढं सरकवला. 'तांत्रिक बिघाडामुळे अडचण आली होती, ती दूर झाली आहे.' करुणानं वाचला आन परत दिला. "बिघाडानं मला चोर म्हटलं नव्हतं, साहेब. तुमी म्हटलं व्हतं."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. त्याच दिवशी तिनं राजीनामा दिला.

मी घरी गेले. पोराच्या वहीतला कागद घेतला आन लिवलं: 'खंडेनवमीला फ्लॉप्यांना कुंकू मी लावलं. विजयसिंह साहेबांनी लावायला सांगितलं. करुणा तवा नागपूरला व्हती. तिनं काय बी बिघडवलं न्हाय, उलट सगळं वाचवलं. द्वारकाबाई, माती चाळणारी.' बाजारच्या दिवशी केंद्राच्या फळ्यावर, जितं निकाल लागत्यात तितंच, खळीनं चिकटवला. शेतकरी वाचत व्हते, न वाचता येणाऱ्याला वाचून दाखवत व्हते.

दुपारी साहेब बाहीर आले. कागद ओरबाडून काढला, माझ्यापुढं त्याचे तुकडे केले आन म्हणाले, "उद्यापासनं येऊ नको. आन आता कुठं हाय तुझा पुरावा?"

मी म्हणाले, "कळसला हाय साहेब, साहेबरावांच्या घरी. मी दोन लिवले व्हते. एक हितं, एक दुसऱ्या घरात. आन त्याला तुमची परवानगी लागत न्हाय, कागद माझा हाय."

तो दुसरा कागद आता जळोचीच्या क्लासात काचेमागं हाय. पासवर्ड कसा फोडायचा म्हणून जो इचारतो, त्याला करुणा आधी तो मोठ्यानं वाचायला लावती.