माळवद एकच

शिवाप्पांनी आपली दोन्ही मुलं एका छताखाली कधी झोपू दिली नाहीत. थोरला लातूरला त्यांच्याजवळ, धाकटा नांदेडला मामाकडे. दिवाळीला धाकटा यायचा, दिवसभर थोरल्याशी भांडायचा आणि जेवणं झाली की आप्पा त्याला उशी देऊन शेजाऱ्यांकडे पाठवायचे. आम्हाला हा निव्वळ विक्षिप्तपणा वाटे. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "असू द्या. सवय हाय."

लातूरच्या ज्या कोचिंग क्लासमध्ये मी नोकरीला लागलो, तिथली संगणक खोली आप्पांच्या ताब्यात होती. मुलांच्या वर्षभराच्या सराव परीक्षांचे गुण तिथल्या यंत्रांत असत. दर शनिवारी आप्पा त्यांची एक प्रत डिस्कवर घेत, डिस्क टॉवेलात गुंडाळत आणि एसटीनं नांदेडच्या शाखेत ठेवून येत. मी पुण्याहून शिकून आलेला, अक्कल उतू चाललेली. "निघाली का डिस्कची पालखी?" म्हणून चिडवायचो. ते शांतपणे म्हणत, "पालखी तर पालखी. देव पोचला म्हंजे झालं."

मग मालकांनी आम्हा दोघांना हैदराबादला डेटा सेंटरवाल्यांच्या परिषदेला धाडलं. जो तो व्हर्च्युअलायझेशनवर बोलत होता: एकाच दणकट यंत्राच्या पोटात सॉफ्टवेअरनं अनेक सर्व्हर थाटायचे, प्रत्येकाचा कारभार वेगळा. मी वही भरून टिपणं घेतली. आप्पांनी भर सभागृहात उभं राहून एवढंच विचारलं, "साब, डब्बाच गिर गया तो?" वक्ता म्हणाला, "म्हणून तर दुसरी प्रत ठेवायची," आणि पुढच्या स्लाइडवर गेला.

परत आल्यावर मी नवं यंत्र बसवलं. त्यात दोन सर्व्हर केले. एकाचं नाव लातूर, दुसऱ्याचं नांदेड. लातूरमध्ये भरलेले गुण लगेच नांदेडमध्ये उमटत. मालक खूश झाले आणि आप्पांची शनिवारची फेरी बंद करायचं ठरलं.

आप्पांनी पडद्यावरची दोन्ही नावं वाचली. "ह्यातलं नांदेड कुठं हाय?"

मी कोपऱ्यातल्या यंत्राकडे बोट दाखवलं.

"आन् लातूर?"

बोट हलवायची गरज नव्हती. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

आप्पा खुर्चीत बसले. "गावाकडं माझ्या दोन भावांची वाटणी झालती. मधी भिंत घातली. दोन दारं, दोन चुली. एकमेकाचं तोंड बघत नव्हते. पण वरचं माळवद एकच हुतं, लई जड, दगडमातीचं. आमी चौघं हितं भाड्याच्या खोलीत हुतो, म्हणून भूकंपातून राहिलो. तिकडं दोन्ही घरांतलं कुणीच न्हाई राहिलं."

मला माझीच लाज वाटली. मालकांना चूक सांगितली आणि त्या शनिवारी डिस्क टॉवेलात गुंडाळून मीच नांदेडच्या गाडीत बसलो. आप्पा स्टँडवर आले होते. "मांडीवर ठेवा," खिडकीतून म्हणाले, "वर फळीवर नगं."

गेल्या वर्षी आप्पा गेले. माती देऊन आम्ही घरी आलो. दोन्ही भाऊ, आता केस पिकलेले, ओसरीवर शेजारी शेजारी बसले होते. त्यांच्या आईनं आतल्या खोलीत दोघांची अंथरुणं घातली. "आज तरी दोघं हितंच झोपा रे," ती म्हणाली.

धाकटा उठला. आत जाऊन त्यानं आपली उशी तेवढी उचलली.

"न्हाई माय. आप्पाला झोप लागायची न्हाई," म्हणाला, आणि उशी काखेत मारून शेजाऱ्यांकडे गेला.