गीतकाराचा रकाना

गाझियाबादच्या एका छोट्या कम्युनिटी रेडिओवर कोणती गाणी लागणार, ते मी ठरवते असं आमच्या सोसायटीत सगळ्यांना वाटतं. खरं तर ते एक फॉर्म ठरवतो. मोठी एफएम स्टेशनं कंपन्यांकडून सिनेमाच्या गाण्यांचे परवाने घेतात. आमची तेवढी ऐपत नाही. आम्ही आसपासच्या माणसांना बोलावतो, त्यांच्याकडून गाऊन घेतो आणि गाण्यामागे एक कागद भरून घेतो. गीतकाराचं नाव आणि खाली सही. नाव माहीत नसेल तर ‘पारंपरिक’. असे शेकडो कागद मी डोळे झाकून भरून घेतले होते.

मग मी आईला स्टुडिओत नेलं.

आम्ही मूळचे यवतमाळकडचे. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे माझं लहानपण दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. रविवारी कॉलनीतल्या बौद्ध घरांमधल्या बायका बुद्धवंदनेला जमायच्या आणि नंतर गात बसायच्या. त्यातलं एक गाणं आईनं माहेराहून आणलेलं. त्यात एक आई मुलीच्या हातात पाटी देते, आणि शेवटच्या कडव्यात सांगते, ज्या विहिरीवरून आपल्याला हाकललं, तिथलं पाणी आता तू स्वतःच्या हातानं काढ.

बाबा गेल्यापासून आई माझ्याकडेच असते. स्टुडिओत ती ते गाणं एकाच टेकमध्ये गायली. मी फॉर्म पुढे केला.

“गीतकार कोण?” तिनं चष्मा लावून वाचलं. “मला काय माहीत? काकूनं शिकवलं. वस्तीतल्या बायकांनी जोडत जोडत केलंय.”

“मग पारंपरिक लिहिते. तू फक्त सही कर.”

तिनं पेन खाली ठेवलं. “पारंपरिक? अगं, परंपरेनंच तर विहिरीवरून हाकललं. हे गाणं तिच्याविरुद्ध आहे. त्यावर तिचंच नाव घालतेस?”

मला तिचा रागच आला. यार, एक साधा शब्द! सही न घेताच मी कागद पर्समध्ये टाकला. पण रात्रभर तो शब्द दातात अडकल्यासारखा राहिला. सकाळी ऑफिसात मी कालच लिहिलेल्या ‘पारंपरिक’वर काट मारली आणि लिहिलं : रचना, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका वस्तीतल्या बायका. आईनं संध्याकाळी त्याच्याखाली सही केली.

आमचे स्टेशन प्रमुख तसे भले गृहस्थ. गाणं ऐकून म्हणाले, “आवाज़ कमाल है. लेकिन ये फॉर्म में नहीं चलेगा. या नाम दो, या ट्रॅडिशनल लिखो.” अर्थ विचारला, तो मी सांगितला. त्यावर म्हणाले, “और वो कुएँवाला आख़िरी हिस्सा काट दो. क्यों किसी को चुभे?”

मी म्हटलं, “सर, ज्यांना हाकललं त्यांना चुभलं नसेल?”

“बहस मत कीजिए.”

“नाही करत. हे गाणं का लावायचं नाही, तेवढं मला लिहून द्या.”

ते लिहून देईनात. रोजच्या यादीवर माझी सही लागते. मी सही थांबवली. तीन दिवस त्यांनी स्वतः सही करून याद्या लावल्या. कॅन्टीनमध्ये लोक माझ्याशी जपून बोलत होते. नोकरी जाईल अशी भीती मला वाटत होती, नाही कशाला म्हणू? पण लिहून द्या, एवढंच मी रोज सकाळी जाऊन म्हणत होते.

चौथ्या दिवशी ते कंटाळले. “चलो, एक बार. दोपहर में.”

दुपारी अडीचला गाणं लागलं, शेवटच्या कडव्यासकट. निवेदन मीच केलं आणि वस्तीतल्या बायकांचा उल्लेख सावकाश, स्पष्ट केला. घरी आई मेथी निवडत ऐकत होती. फोनवर एवढंच म्हणाली, “तिसऱ्या कडव्यात आवाज चिरकलाय माझा. पुन्हा घ्यायला हवं होतं.”

दुसऱ्या दिवशी मेमो आला : आपण परवानगीशिवाय संस्थेचा फॉर्म बदलला. मी उत्तर दिलं, होय, बदलला.

त्यानंतर मी जुनी कपाटं उघडली. ‘पारंपरिक’ लिहिलेला एकेक कागद काढून गाणाऱ्यांना फोन करायला लागले. गाझियाबादजवळच्याच लोनीच्या एका बाईंना विचारलं, तुमचं जात्यावरचं गाणं कुणी केलं? त्या हसल्या. “मेरी सास ने. उस दिन आपने पूछा ही कहाँ था?”

मी लाल पेनानं त्यांच्या सासूबाईंचं नाव लिहिलं. काल दुसरा मेमो आलाय. अजून दोन कपाटं बाकी आहेत.