ताट पुढं सरकवणारे दौलतकाका

आठ दिवस झाले, लिहीन लिहीन म्हणतोय... मोबाइल हातात घेतला की रील बघत बसतो. आज ज्यांच्याबद्दल लिहायचंय त्यांच्याच ओसरीवर बसलोय, त्यामुळे आता पळायला जागा नाही.

गेल्या रविवारी सकाळी हिंगोलीहून सिद्धेश्वरला निघालो होतो, धरणावरचे मासे खायला. काटे फार असतात, पण चव... असो. वाटेत एका गावात गाडीची चेन तुटली. मेकॅनिक म्हणाला, दोन तास लागतील.

कुठूनतरी ढोलकी-टाळ ऐकू आले. आवाजामागं गेलो आणि चप्पल काढून एका पत्र्याच्या खोलीत जाऊन बसलो. भजनच होतं... पण येशूचं.

गाणी झाली आणि एक ताट फिरायला लागलं, त्यात पोळीचे बारीक तुकडे. माझ्यापाशी आल्यावर मी एक उचलला, कपाळाला लावला, खाल्ला, आणि म्हणालो, आईसाठी एक कागदात बांधून द्या ना!

पलीकडच्या काकूंनी तोंडाला पदर लावला. "लेकरा, ह्यो परसाद न्हाई रे. येशूनं जीव दिला त्याची आठवण हाय, हितंच खायाची."

मी ओशाळलो. पण माझं लक्ष त्यांच्या नवऱ्याकडे गेलं. दौलतकाकांनी ताट हातात घेतलं, क्षणभर बघितलं, आणि काही न घेता पुढं सरकवलं. मला वाटलं शुगर असेल... पोळीला कसली शुगर, पण तेव्हा डोकं चाललं नाही.

नंतर काकूंनी चहाला घरी नेलं. मला राहवेना, विचारलंच. तुमच्यात बोकड कापत नाहीत, मग देवाला देता काय?

काका म्हणाले, "द्यायचं ते त्यानंच दिलं. येशूनं सोताचा जीव दिला, एकदाच. देव रुसला म्हणून आपण त्याला मनवायला जातो ना? आमच्यात उलटं हाय. तोंड आमी फिरवलं आन् समेट करायला तो आला."

मी म्हटलं, म्हणजे देवानंच देवाला दिलं? हे काय कळलं नाही.

"मलाबी समदं कळलंय असं न्हाई," काका हसले. मला हे उत्तर फार आवडलं.

मग ताट का सरकवलं? काकूंनी सांगितलं. सहा वर्षांपूर्वी सासूबाई दवाखान्यातून बऱ्या होऊन आल्या, तेव्हा थोरल्या दिरांनी नवसाचं बोकड दिलं. नवसाचं खाणार नाही म्हणून काका पंगतीतून उठून आले. गावादेखत थोरला म्हणाला, आईच्या जिवापेक्षा तुझा देव मोठा झाला व्हय रे? तेव्हापासून बोलणं बंद. आई गेली तेव्हाही दोघं दोन बाजूंना बसले होते.

"पास्टर म्हणतात, घ्या," काका म्हणाले. "पण दादाचं मन माझ्यावरून उठलेलं, आन् मी देवाच्या पंगतीला कसा बसू?"

मी आपला सहज बोललो... काका, देव आधी आला म्हणता, मग दादाकडं तुमी आधी काहून गेला न्हाईत?

चहा तसाच राहिला. मेकॅनिकचा फोन आला म्हणून मी उठलो. त्या दिवशी मासे काही गोड लागले नाहीत. आपण कशाला तोंड घातलं, हेच डोक्यात.

म्हणून आज परत आलो. चेन एकदम ठीक आहे.

काकूंनी सांगितलं, काका बुधवारी गेले होते. थोरला शेतात हळद शिजवत होता. काका उभ्यानंच म्हणाले, दादा, बोकड मी आजबी खाणार न्हाई. पण तुझ्यापासून उठायचं नव्हतं. ते चुकलं माझं. थोरला कढईखाली लाकडं सारत राहिला. काका बराच वेळ थांबले आणि परत आले.

आज सकाळीही त्यांनी ताट पुढं सरकवलं. आता माणूस गेला, बोलला, तरी समोरचा उठलाच नाही तर? मी विचारलं, तुमचा देव अशा वेळी काय करतो?

"वाट बघत असंल," काका म्हणाले आणि तूर निवडत बसले.

मी हे इथवर लिहिलं, तर दारात एक बाई उभ्या राहिल्या. हातात झाकलेला डबा. काकू एकदम "वयनी?" म्हणत उठल्या. थोरल्या जाऊबाई... सहा वर्षांत हा उंबरा ओलांडला नव्हता.

त्या म्हणाल्या, "साधं वरण-बट्टी हाय, बोकड न्हाई. ह्ये बी आलेत. तिकडं लिंबाखाली गाडीवरच बसलेत, आत यायला लाजून राहिलेत."

काकांच्या मांडीवरचं सूप खाली सांडलं. तुरी तुडवत, चप्पल न घालता, ते बाहेर गेलेत.